पाइप भिंतीतून नको, छपरातून सरळ वर न्या

प्रश्न: आम्ही न्यू हॅम्पशायरमध्ये एक जुनं लाकडी घर घेतलंय. एकमजली, वर पोटमाळा. हिवाळ्यात वीज गेली की घर गारठतं, म्हणून लाकडावर चालणारा नवा स्टोव्ह आणला. धुराचं तोंड सहा इंची, स्टोव्हच्या माथ्यावर. पाइप कुठला घ्यायचा यावर मात्र घरात एकमत होत नाही. काम करणारा म्हणतो, काळा पाइप मागच्या भिंतीतून बाहेर काढू आणि बाहेरून वर नेऊ, म्हणजे छपराला भोक पाडायला नको. शेजाऱ्यांकडे गॅस हीटरचा उरलेला दुहेरी पाइप आहे, तोही सहा इंची, ते फुकट देतायत. शिवाय घरात विटांचं जुनं धुराडं आहे, त्यात ऑइल फर्नेसचा (घर तापवणाऱ्या तेलाच्या भट्टीचा) धूर जातो. त्यालाच जोडलं तर? मापं अशी: जमिनीपासून सीलिंग ८ फूट, स्टोव्हचा माथा ३० इंच, आढं जमिनीपासून १८ फूट, स्टोव्हची जागा आढ्याच्या ओळीपासून ३ फूट, छपराचा उतार १२ ला ८ (१२ इंच आडवं गेलं की ८ इंच उतरतं), दोन तुळयांमधलं मध्य ते मध्य अंतर १६ इंच. सासूबाईंना दमा आहे, धूर घरात अजिबात येता कामा नये.

उत्तर: तुम्ही मापं घेऊन पत्र लिहिलंत हे फार चांगलं केलंत, त्यामुळे आम्हालाही नेमकं बोलता येईल. आधी निर्णय सांगतो. तिन्ही सूचना बाजूला ठेवा. गॅसचा पाइप आणि फर्नेसचं धुराडं हे दोन्ही पर्याय जिवावर बेतणारे आहेत. भिंतीतून बाहेर जाणं योग्य सामान वापरून करता येतं, पण तुमच्या कारागिराने सुचवलेल्या काळ्या पाइपने ते केलं तर भिंतीला आग लागेल. आणि योग्य सामान वापरलं तरी तुमच्या घराला तो मार्ग सोयीचा नाही. स्टोव्हच्या डोक्यावरून सरळ वर, सीलिंग, पोटमाळा आणि छप्पर यांतून जाणारं धुराडं करा. दम्याच्या माणसाच्या घरात तर दुसरा विचारच नको.

स्टोव्ह धूर वर ढकलत नाही, धुराडं तो ओढून घेतं. ज्यांनी तांब्याचा बंब पेटवलाय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. सुरुवातीला धूर खालच्या तोंडातून डोळ्यांत जातो, आणि मधली नळी तापली की तोच धूर आपोआप वर खेचला जातो. ही ओढ दोन गोष्टींवर ठरते: धुराड्याची उंची, आणि आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा किती गरम आहे. दोन्ही भरपूर असतील तर स्टोव्हचं दार उघडल्यावरही धूर आतच राहतो. अमेरिकेत मे २०२० पासून विकल्या जाणाऱ्या स्टोव्हना तासाला साधारण २ ग्रॅमच धूलिकण सोडायची परवानगी आहे. ते साधण्यासाठी हे स्टोव्ह स्वतःचाच धूर आत पुन्हा जाळतात आणि त्यातली उष्णता खोलीत काढून घेतात. म्हणजे धुराड्याच्या वाट्याला जुन्या स्टोव्हपेक्षा कमी ऊब येते. जुन्या ओतीव स्टोव्हच्या मागे कसलाही पाइप चालून जायचा, तुमच्या नव्या स्टोव्हच्या मागे चालणार नाही.

धुराड्याची आतली बाजू साधारण २५० अंश फॅरनहाइटच्या खाली गेली की धुरातली वाफ आणि डांबर तिथेच थिजतं. यालाच क्रिओसोट म्हणतात. आधी मऊ काजळी, मग खपल्या, शेवटी काचेसारखा चकचकीत काळा थर. तो थर जळाऊ असतो. पेटला की धुराड्यात २००० अंश फॅरनहाइटपर्यंत आग भडकते आणि मोठी मोटार चालू असावी तसा घरघराट होतो. पाइप निवडायचा तो या दोन गोष्टींसाठी: रोज धूर गरम राहावा, आणि एखाद्या रात्री आतला थर पेटलाच तर आग पाइपाच्या आतच राहावी.

आता शेजाऱ्यांचा पाइप. तो बहुधा ‘बी व्हेंट’ आहे. दिसायला दुहेरी, बाहेरून चकचकीत पत्रा, म्हणून भक्कम वाटतो. पण त्याची आतली नळी ॲल्युमिनियमची असते. गॅस हीटरचा वायू तुलनेने थंड असतो, तिथे ती पुरते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, आणि पेटलेलं धुराडं १००० अंश सेल्सियसच्या पुढे जातं. आतली नळी वितळून खाली आली की बाहेरचा पातळ पत्रा आणि तुमच्या पोटमाळ्याचं लाकूड यांच्यात काहीच उरत नाही. पाइपावरचं लेबल वाचा, त्यावर फक्त गॅससाठी असं छापलेलं सापडेल. पेलेट (भुशाच्या दाबलेल्या गोळ्या) जाळणाऱ्या स्टोव्हचा तीन-चार इंची पाइपही लाकडाच्या स्टोव्हला चालत नाही. एअर कंडिशनिंगचं गॅल्व्हनाइज्ड डक्टही नाही: जस्ताचा मुलामा तापून विषारी धूर सोडतो आणि पत्राही फार पातळ असतो. शेजाऱ्यांचे आभार मानून पाइप परत करा.

विटांच्या धुराड्याबद्दल थोडक्यात. तेलाची भट्टी आणि लाकडाचा स्टोव्ह एकाच धूरमार्गाला जोडत नाहीत. एकाची ओढ मंदावली की दुसऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड उलटा घरात येतो, आणि लाकडाचं क्रिओसोट भट्टीच्या वाटेत साचतं. त्या धुराड्यात दुसरी, पूर्ण वेगळी आणि रिकामी वाट असेल तर ती कॅमेरा घालून तपासून, आत सहा इंची स्टेनलेस लायनर सोडून वापरता येते. पत्रात तसं काही दिसत नाही, म्हणून तो विषय इथे सोडतो.

भिंतीतून जायच्या मार्गावर मात्र जरा थांबायला हवं, कारण तो सगळ्यांना स्वस्त वाटतो. धूर आधी काटकोनात वळतो, आडवा जातो, पुन्हा काटकोनात वळतो. प्रत्येक वळणावर ओढ कमी होते आणि काजळी बसायला जागा मिळते. पुढची सगळी उंची घराबाहेर, न्यू हॅम्पशायरच्या जानेवारीत. बाहेरचं धुराडं रात्रभर गोठतं. सकाळी काडी लावली की आतली थंड, जड हवा खाली घसरते आणि पहिला धूर खोलीत येतो. सासूबाईंना त्रास होणार तो नेमका या पाच-दहा मिनिटांत. घराच्या मधून गेलेलं धुराडं घराच्या उबेत असतं, त्यामुळे ते थंड सकाळीही ओढतं. शिवाय तुमची जागा आढ्यापासून तीनच फुटांवर आहे, म्हणजे जवळजवळ सगळी उंची छपराखाली मिळते. बाहेरच्या भिंतीपाशी छप्पर खाली आलेलं असतं, तिथे आढ्याच्या वर जायला कित्येक फूट पाइप उघड्यावर आधार देत उभा करावा लागला असता.

आणि काळा पाइप भिंतीतून नेणं हा मुद्दा तर चर्चेचाही नाही. एकेरी किंवा दुहेरी, कुठलाही काळा स्टोव्हपाइप भिंतीतून, सीलिंगमधून, पोटमाळ्यातून, कपाटातून जाऊ द्यायचा नाही. तो फक्त स्टोव्ह असलेल्या खोलीत, डोळ्यांसमोर राहतो. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड नव्या लाकडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेटतं. म्हणून असं काम पहिली चार-पाच वर्षं ठीक चालतं आणि मग एका रात्री भिंत आतून धुमसायला लागते. ‘आमच्याकडे इतकी वर्षं काही झालं नाही’ या वाक्यावर विसंबू नका.

दुकानात गेल्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी मागायच्या आहेत: स्टोव्हपासून सीलिंगपर्यंत स्टोव्हपाइप, आणि सीलिंगपासून वर क्लास ए चिमणी. दोन्हींचं आतलं माप सहा इंच. स्टोव्हचं तोंड सहाचं असेल तर वरपर्यंत सहाच. ‘मोठा घेतला तर धूर सुटसुटीत जाईल’ असं कोणी सांगेल. सहा इंची नळीचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच, आठ इंचीचं ५०. तेवढाच धूर पावणेदोनपट रुंद वाटेत गेला की त्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो, तो थंड होतो आणि क्रिओसोट वाढतं. पाच इंचांवर आणलं तर दार उघडताच धूर खोलीत. कुठेही रिड्यूसर (माप बदलणारा जोड) लावू नका.

आधी क्लास ए. हिला ऑल-फ्यूएल चिमणीही म्हणतात. आत स्टेनलेस नळी, मध्ये उष्णतारोधक भरण, बाहेर पुन्हा पत्रा. लेबलवर ‘यूएल १०३ एचटी’ हे सुरक्षा चाचणीच्या मानकाचं नाव शोधा, त्यातलं एचटी (म्हणजे उच्च तापमान) महत्त्वाचं. अशी चिमणी १००० अंश फॅरनहाइटचा वायू सतत सोसते, आणि २१०० अंशांच्या दहा-दहा मिनिटांच्या तीन चाचण्यांतून पार पडलेली असते. म्हणजे धुराडं पेटण्याची परिस्थिती तिने आधीच पाहिलेली असते. काही चिमण्यांत भरणाऐवजी थरांमधून हवा खेळवून बाहेरचा पत्रा थंड ठेवतात. ती थंड हवा धूरही थंड करते, म्हणून तुमच्या हवामानात भरणवालीच घ्या. एक इंच भरणाची असेल तर सहा इंची चिमणीचा बाहेरचा व्यास आठ इंच येतो, दोन इंचाची असेल तर दहा.

या आठ इंचांभोवती सगळीकडून दोन इंच मोकळी जागा लागते. लाकूड, प्लायवूड, जिप्समचा बोर्ड, काहीही त्या जागेत नको. म्हणजे भोक बारा इंचांचं. तुमच्या तुळया मध्य ते मध्य १६ इंचांवर आहेत, तुळईची जाडी दीड इंच धरली तर मधली मोकळी जागा साडेचौदा इंच. बारा इंच त्यात बसतात, तुळई कापायची गरज नाही. जुन्या घरात तुळया जाड आणि अंतरं वेडीवाकडी असू शकतात, म्हणून पोटमाळ्यावर जाऊन त्याच जागेवर टेप लावा. वरचे वासेही बघा, ते तुळयांच्या बरोबर वर असतीलच असं नाही. मग ओळंबा सोडा. दोन वाशांच्या मधोमध खूण करून तिथून सीलिंगवर, आणि सीलिंगवरून स्टोव्हच्या तोंडाच्या मध्यावर. ओळंबा इंच-दोन इंच चुकला तर स्टोव्ह सरकवा, पाइप वाकवू नका. जड स्टोव्ह हलवायचा कंटाळा येतो आणि मग पोटमाळ्यात दोन वाकणं येतात. ती आयुष्यभर साफ करत बसावी लागतात.

छपरावरचं भोक उतारामुळे लांबट होतं. १२ ला ८ उतारावर १२ इंच आडवं अंतर उताराच्या दिशेने सुमारे साडेचौदा इंच भरतं, म्हणजे भोक १२ बाय साडेचौदा.

उंचीचा नियम तीन-दोन-दहा असा लक्षात ठेवा. धुराड्याचं टोक छपरातून बाहेर पडतं त्या जागेच्या वर निदान ३ फूट हवं, आणि आडव्या १० फुटांच्या आत जे काही आहे त्यापेक्षा निदान २ फूट वर हवं. तुमच्या आकड्यांवर करून बघू. आढ्यापासून तीन फूट खाली आलं की छप्पर दोन फूट उतरतं, म्हणजे चिमणी जमिनीपासून १६ फुटांवर बाहेर पडते. तीन फुटांच्या अटीने टोक १९ फुटांवर आलं असतं. पण आढं १८ फुटांवर आणि दहा फुटांच्या आत आहे, म्हणून टोक २० फुटांवर न्यायलाच हवं. लोक पहिल्याच अटीवर थांबतात, आणि मग वारा आढ्यावरून घसरला की तो चिमणीच्या तोंडात दाबला जातो आणि धूर उलटा फिरतो. छपरावर चार फूट पाइप दिसेल. पाच फुटांच्या वर गेला असता तर तिरक्या आधाराच्या सळया लागल्या असत्या, तुम्हाला लागत नाहीत. स्टोव्हच्या माथ्यापासून एकूण उंची साडेसतरा फूट भरते. बहुतेक स्टोव्ह किमान १५ फूट मागतात, तरी तुमच्या मॅन्युअलमधला आकडा बघून घ्या.

सीलिंग ८ फूट, टोक २० फूट, म्हणजे १२ फूट क्लास ए. ४८ इंची तीन तुकडे कागदावर पुरतात. पण प्रत्येक सांध्यात एखादा इंच आत जातो, म्हणून बारा इंचांचा एक तुकडा जास्तीचा घ्या. त्याबरोबर सीलिंग सपोर्ट बॉक्स (चिमणीचं सगळं वजन हाच पेलतो, स्टोव्हवर ते येऊ देत नाहीत), पोटमाळ्यातली इन्सुलेशन शील्ड (इन्सुलेशन चिमणीपासून दूर ठेवणारा पत्रा), छपराचं फ्लॅशिंग (भोकातून पाणी आत येऊ न देणारा पत्रा), स्टॉर्म कॉलर (त्याच्या वर चिमणीभोवती बसणारं पत्र्याचं कडं) आणि टोपी. फ्लॅशिंगच्या खोक्यावर उताराची मर्यादा छापलेली असते, त्यात ८/१२ बसतोय का ते वाचून घ्या. हे सगळं एकाच कंपनीचं आणि एकाच मालिकेचं घ्या. प्रत्येक कंपनीचं कुलूप वेगळं असतं. दोन कंपन्यांचे तुकडे स्क्रू मारून जुळवले तर ते जुळल्यासारखे दिसतात, पण चाचणी झाली होती ती त्या जोडणीची नाही, आणि तपासनीस ते काम नापास करतो.

आता खोलीतला स्टोव्हपाइप. एकेरी घेतला तर तो सहा इंचीसाठी २४ गेज जाडीच्या पत्र्याचा हवा, आणि तो जळाऊ भिंतीपासून व सीलिंगपासून १८ इंच लांब लागतो. इथे बरेच जण फसतात: भिंत पांढऱ्या जिप्सम बोर्डाची असली तरी मागे लाकडी चौकट आहे, त्यामुळे ती जळाऊच धरायची. त्यावर नुसत्या फरश्या चिकटवल्याने ती अंतरातून सुटत नाही, कारण उष्णता फरशीतून मागे जाते. अंतर कमी करायचं तर पत्रा भिंतीपासून एक इंच सुटा बसवून, वरून-खालून हवा खेळती ठेवावी लागते. दुहेरी स्टोव्हपाइपला मात्र भिंतीपासून साधारण सहाच इंच पुरतात, नेमका आकडा लेबलवर असतो. स्टोव्हचं स्वतःचं मागच्या भिंतीपासूनचं अंतर वेगळं, ते स्टोव्हच्या मागच्या पत्र्यावर लिहिलेलं असतं. दोन्हींतलं जे जास्त जागा मागेल ते पाळायचं.

स्टोव्हच्या माथ्यापासून सीलिंगपर्यंतच्या तुमच्या साडेपाच फुटांना एकेरी पाइप नियमात बसेल आणि खोलीला थोडी जास्त ऊबही देईल. आमचा कौल तरीही दुहेरीला. पाइपातून खोलीत घेतलेली ती ऊब धुराड्याच्या हिश्शाची असते, आणि नव्या स्टोव्हपाशी तो हिस्सा आधीच कमी आहे. किमतीत फरक आहे, पण साडेपाच फुटांपुरताच. पैसे वाचवायचेच असतील तर स्टोव्हखालच्या दगडी फरशीच्या शोभेत वाचवा.

३० इंचांपासून ९६ इंचांपर्यंत ६६ इंच भरतात. सपोर्ट बॉक्स सीलिंगच्या थोडा खाली उतरतो, म्हणून प्रत्यक्षात काही इंच कमी लागतील. अशा जागी मागेपुढे सरकणारा टेलिस्कोपिक पाइप घ्यावा, त्यावर किमान आणि कमाल लांबी छापलेली असते. दोन फायदे आहेत. तापून पाइप लांबतो तेव्हा सांध्यावर ताण येत नाही. आणि सफाईच्या वेळी तो वर सरकवला की स्टोव्ह जागचा न हलवता खालून ब्रश घालता येतो. खालच्या टोकाला स्टोव्ह ॲडॅप्टर आणि वर बॉक्सला जुळणारा तुकडा, दोन्ही मागून घ्या. प्रत्येक सांध्यावर तीन स्क्रू, सारख्या अंतरावर. टेलिस्कोपच्या सरकत्या सांध्यावर मात्र कंपनीने सांगितलं असेल तेवढेच.

सांध्याची दिशा हा असा मुद्दा आहे की अनुभवी कारागीरही त्यात गोंधळतात. कौलं बसवताना वरचं कौल खालच्यावर येतं, कारण पाणी बाहेरून वाहतं. स्टोव्हपाइपात ओल आतून वाहते. म्हणून वरच्या तुकड्याचं चुण्यांचं, आत जाणारं तोंड खालच्या तुकड्याच्या आत बसलं पाहिजे. चुण्यांची टोकं स्टोव्हकडे. असं केलं की ओघळलेलं क्रिओसोट परत आगीत पडून जळतं. उलट बसवलं तर ते सांध्यातून बाहेर येऊन पाइपावर तपकिरी ओघळ पडतात, आणि घरभर असा वास सुटतो की तो दम्याच्या माणसाला सोसवणार नाही. ‘धूर वर जातो, म्हणून वरचा तुकडा बाहेरून हवा’ हा तर्क ऐकायला बरोबर वाटतो, पण धूर सांध्यातून बाहेर येत नाही. ओढ चालू असताना उलट खोलीतली हवा सांध्यातून आत जाते.

पोटमाळ्यावर काम करण्याआधी तिथलं इन्सुलेशन बघा. करड्या-सोनेरी, चकचकीत खड्यांसारखं काही पसरलेलं असेल तर ते वर्मिक्युलाइट असू शकतं, आणि जुन्या वर्मिक्युलाइटमध्ये ॲसबेस्टॉस सापडतो. ते हलवू नका, झाडूही नका, आधी त्या कामाच्या माणसाला बोलवा. साधी काचलोकर किंवा कागदी भुसा असेल तर शील्ड बसवून तो चिमणीपासून बाजूला ठेवा. दोन इंचांची मोकळी जागा रिकामीच राहिली पाहिजे. थंडी येते म्हणून लोक तिथे काचलोकर कोंबतात. काचलोकर जळत नाही हे खरं, पण ती उष्णता कोंडून ठेवते आणि शेजारचं लाकूड तापत राहतं. लेबलवर जागा मोकळी सोडा असं लिहिलंय त्याचं कारण हेच. पोटमाळ्यावर ट्रंका, गाद्या ठेवत असाल तर चिमणीभोवती तेच दोन इंच सोडून चौकट उभारून बंद करा.

छपरावर फ्लॅशिंगची वरची कड शिंगल्सच्या (छपरावरच्या चपट्या तुकड्यांच्या) खाली आणि खालची कड शिंगल्सच्या वर येते. इथे कौलांचा नियम जसाच्या तसा लागू होतो. खालच्या कडेला खिळे मारू नका. स्टॉर्म कॉलर आणि चिमणीच्या सांध्याला सिलिकॉन भरा. कॉलरखाली फ्लॅशिंगचा शंकू आणि चिमणी यांच्यात मात्र काही भरू नका, तिथून हवा जायची असते. तुमची चिमणी आढ्याजवळ असल्याने घसरत्या बर्फाचा भार कमी येईल. खाली, पन्हळीजवळ बाहेर काढली असती तर बर्फ फोडणारी पाचर लावावी लागली असती. टोपीला जाळी असेल तर हिवाळ्यात ती क्रिओसोटने बुजते, आणि अचानक ओढ गेली की आधी तिथेच बघायचं.

काम सुरू करण्यापूर्वी टाऊनकडून (तिथल्या स्थानिक प्रशासनाकडून) परवाना घ्या आणि घराच्या विमा कंपनीला कळवा. तपासणीचा कागद जपून ठेवा. छपराचं भोक कोरड्या दिवशी, शक्यतो ऑक्टोबर उजाडण्याआधी पाडा. छपरावर चढायचं काम चिमणी बसवणाऱ्या जाणकारालाच द्या. तुमचा कारागीर चांगला असेल, पण त्याने दिलेला पहिला सल्ला बघता हे काम त्याने याआधी केलेलं दिसत नाही.

ओढ बिघडवणारी एक गोष्ट आपल्या घरांत हमखास असते: स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट. फोडणीच्या वेळी तो पूर्ण वेगाने लावला, त्यात कपडे वाळवायचं यंत्र चालू असलं आणि खिडक्या घट्ट बंद, की घर हवेसाठी आसुसतं आणि सगळ्यांत सोपी वाट म्हणून धुराड्यातून खाली ओढतं. स्टोव्ह पेटवताना किंवा निखारे मंद असताना एक्झॉस्ट कमी वेगावर ठेवा, किंवा त्या खोलीची खिडकी बोटभर उघडा. तुमच्या स्टोव्हला बाहेरची हवा थेट देणारी जोडणी मिळत असेल तर आत्ताच बसवून घ्या, नंतर जमीन फोडणं जड जातं. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, एक स्टोव्हच्या मजल्यावर आणि एक झोपायच्या खोल्यांजवळ, बॅटरीवर चालणारे. वीज जाईल तेव्हाच तुम्ही स्टोव्ह पेटवणार आहात.

लाकूड २० टक्के ओलाव्याच्या खालचं हवं. ओलावामापक ओंडक्याच्या बाहेरून लावू नका. ओंडका फोडून, ताज्या फोडलेल्या आतल्या बाजूला लावा. ओकचं लाकूड फोडून रचल्यावर दोन उन्हाळे मागतं. ‘सीझन्ड’ (वाळवलेलं) म्हणून विकलेलं लाकूड बऱ्याचदा नुसतं कापून ठेवलेलं असतं. दुहेरी पाइपावर चुंबकाचा थर्मामीटर खोटं सांगतो, कारण बाहेरचा पत्रा थंडच असतो. आत सळई जाणारा प्रोब थर्मामीटर स्टोव्हच्या वर दीड फुटावर लावा आणि काटा साधारण ४०० ते ९०० अंश फॅरनहाइटमध्ये ठेवा. रात्रभर टिकावं म्हणून हवा अगदी बंद करून ओंडके धुमसत ठेवणं हीच क्रिओसोटची खरी शेती. ८०० रुपयांचा असो वा ८०० डॉलरचा, कुठलाही पाइप त्यातून वाचवत नाही.

पहिल्या हिवाळ्यात दर महिन्याला पाइप वर सरकवून टॉर्चने आत बघा. थर एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटर झाला की साफ करा, आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी करून घ्या. पाइपात स्वतंत्र झडप बसवायची गरज नाही. साडेसतरा फूट उंचीला ओढ प्रमाणातच राहते, आणि नव्या स्टोव्हच्या स्वतःच्या नियंत्रणाने ती सांभाळता येते.

पहिले तीन जाळ लहान ठेवा, प्रत्येकाच्या मध्ये स्टोव्ह पूर्ण थंड होऊ द्या. रंग पक्का होताना स्टोव्हला आणि पाइपला उग्र वास आणि थोडा धूर सुटतो, तो रंगाचा असतो. तो दिवस खिडक्या उघड्या ठेवता येतील असा, सप्टेंबरातला निवडा, आणि तेवढा वेळ सासूबाईंना घराबाहेर कुठेतरी घेऊन जा.